मेट्रोच्या वाटेवरचे घर

९ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची मेट्रो-३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण लांबीने धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानके, त्यांतली २६ जमिनीखाली आणि खर्च ३७ हजार कोटी रुपयांच्या पुढे. हे आकडे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. मेट्रोचा उपयोगही खरा आहे. लोकलच्या दारात लटकून रोज जीव मुठीत धरणाऱ्या माणसाला आता थंड डब्यात उभे राहायला तरी जागा मिळते. गिरगावातून सीप्झला नोकरीसाठी जाणारी मुलगी तासाच्या आत पोहोचते. ही सोय नको, असे कोणी म्हणणार नाही.

पण या मार्गाचा आणखी एक हिशेब आहे आणि तो उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. मेट्रोसाठी कोणाची घरे गेली, कोणाची दुकाने गेली, त्यांना काय मिळाले, कुठे मिळाले आणि कोणाच्या नावावर मिळाले, हा तो हिशेब. हा विषय आता मुंबईपुरता राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला आणि पुण्याच्या स्वारगेट-कात्रज भुयारी मार्गाला मंजुरी दिली. नागपूरच्या दुसऱ्या टप्प्याला त्याआधीच, २०२२ मध्ये मिळाली होती. म्हणजे येत्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या मोहल्ल्यात मोजणीचे लोक फीत घेऊन येणार आहेत. तेव्हा गडबडून जाण्यापेक्षा आधीच चार गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हा लेख.

भुयारातून जाणाऱ्या गाडीला जमीन कशाला?

पालकसभेच्या वेळी एका वडिलांनी आम्हाला विचारले होते, "सर, गाडी जमिनीखालून जाणार, मग वरची घरे कशाला पाडतात?" प्रश्न रास्त आहे. बोगदा खणणारे यंत्र जमिनीच्या पोटात काम करते आणि वरच्या बहुतेक इमारतींना त्याचा पत्ताही लागत नाही. जमीन लागते ती स्थानकांना. माणसे वर-खाली करण्यासाठी जिने आणि लिफ्ट, हवा खेळती ठेवण्यासाठी झडपांच्या इमारती, आग लागली तर बाहेर पडण्याचे मार्ग, विजेची उपकेंद्रे, हे सगळे रस्त्याच्या पातळीवर यावेच लागते. मार्ग उन्नत, म्हणजे खांबांवरचा असेल, तर खांब बहुधा रस्त्याच्या मधोमध उभे राहतात. पण स्थानकाचे जिने दोन्ही बाजूंच्या पदपथांवर उतरतात आणि वळणावर कोपऱ्यातल्या इमारती कापल्या जातात.

सर्वांत जास्त जमीन खातो तो डेपो, म्हणजे गाड्या धुण्याची, दुरुस्तीची आणि रात्री उभ्या करण्याची जागा. मेट्रो-३ च्या डेपोसाठी आरेतली सुमारे तीस हेक्टर जमीन घेतली गेली. तिथल्या झाडांच्या तोडीवरून ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठे आंदोलन झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे सर्वांना आठवत असेल. त्याच आरेतल्या प्रजापूरपाड्याच्या आदिवासी कुटुंबांना आपली झाडेवाडी सोडून इमारतीत राहायला जावे लागले, ही बातमी मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली.

यातून एक व्यवहाराची गोष्ट शिकण्यासारखी आहे. मेट्रोचा नकाशा प्रसिद्ध झाला की लोक रेषा पाहतात आणि "आपल्या घरावरून जात नाही" म्हणून निश्चिंत होतात. रेषेइतकेच लक्ष स्थानकांच्या चौकोनांकडे, वळणांकडे आणि डेपोच्या जागेकडे द्यावे. घर जाण्याची शक्यता तिथे जास्त असते.

गिरगाव-काळबादेवीने काय मिळवले

गिरगाव आणि काळबादेवी इथले रस्ते इतके चिंचोळे की वरून मोठा खड्डा खणून स्थानक बांधणे शक्यच नव्हते. म्हणून तिथे फलाटांची जागा आतून थोडी थोडी खोदत आणि लगेच काँक्रीटचा आधार देत तयार करण्यात आली. तरीही खाली उतरण्यासाठी जागा लागलीच. ती जागा जुन्या चाळींची आणि इमारतींची होती. या बहुतेक इमारती उपकरप्राप्त होत्या. मालक एक, भाडेकरू अनेक, आणि भाडेकरू पागडी देऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. भाडे नाममात्र, पण त्या खोलीवर सारा संसार उभा. खाली दुकान, वर घर आणि हाकेच्या अंतरावर शाळा, दवाखाना व बाजार.

२०१५ च्या सुमारास इमारती जाणार हे स्पष्ट झाले, तेव्हा रहिवाशांनी मागणी केली ती जास्त पैशांची नव्हे. आम्हाला गिरगावातच घर द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि सरकारला ते मान्य करावे लागले. मेट्रो महामंडळाने त्याच परिसरातले भूखंड एकत्र करून के-२, के-३ आणि जी-३ अशा नावांनी पुनर्वसनाच्या इमारती बांधण्याची योजना हाती घेतली. मधली कित्येक वर्षे लोकांना भाड्याच्या घरांत काढावी लागली, हे खरे. म्हाताऱ्या माणसांसाठी ती वर्षे फार लांब असतात. तरीही "तिथेच" या एका शब्दावर रहिवासी अडून राहिले म्हणून पत्ता टिकला.

याच मेट्रोच्या वाटेवर झोपडपट्ट्याही होत्या. तिथल्या कुटुंबांना बहुतेक करून इतरत्र तयार असलेल्या पुनर्वसन इमारतींत पाठवण्यात आले. मेट्रो तीच आणि महामंडळही तेच. फरक पडला तो कागदाने आणि संघटनेने. गिरगावकरांकडे भाडेपावत्या होत्या, इमारतनिहाय समित्या होत्या आणि मागणी एकच होती. झोपडीतल्या माणसाकडे बहुधा फोटोपास आणि वीजबिल असते आणि गल्लीगल्लीत तीन पुढारी असतात. शहराच्या दृष्टीने मात्र दोघांचेही घर घरच आहे.

कुर्ल्याचा धडा

मुंबईत रेल्वेसाठी माणसे हलवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मेट्रोच्या आधी झाला. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प असे त्याचे नाव. २००२ मध्ये जागतिक बँकेने त्याला कर्ज दिले. उपनगरी रेल्वेचे नवे रूळ आणि सांताक्रूझ-चेंबूर, जोगेश्वरी-विक्रोळी हे जोडरस्ते त्यात होते. किती माणसे हलवावी लागतील याचा पहिला अंदाज सुमारे ८० हजारांचा होता. पुढे तो सुमारे १ लाख २० हजारांवर गेला. मोजणीतच एवढी चूक असेल, तर घरे, शाळा आणि पाणी यांचे नियोजन कसे पुरे पडणार?

या प्रकल्पासाठी राज्याने केलेल्या धोरणात एक गोष्ट मोठी चांगली होती. जमिनीचा कागद नसला तरी गणनेत नोंद झालेल्या प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत द्यायचे, असे त्यात ठरले. रुळांच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबांची गणना करण्यात वस्तीतल्या महिलांच्या बचत गटांनी, 'महिला मिलन'च्या बायकांनी पुढाकार घेतला. कोणाचे घर किती, त्यात माणसे किती, हे त्या दारोदार जाऊन लिहीत. सरकारी माणसाला जे घर दिसत नाही, ते शेजारणीला दिसते.

अडचण आली ती दुकानदारांची. कुर्ल्यातले काही दुकानदार आणि रहिवासी यांनी २००४ मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. त्यांचे म्हणणे साधे होते. हमरस्त्यावर आमचे मोठे दुकान आहे, तिथे कामगार आहेत, बांधलेले गिऱ्हाईक आहे. त्या बदल्यात मानखुर्दसारख्या ठिकाणी छोटासा गाळा घेऊन आम्ही करायचे काय? पॅनेलने चौकशी केली आणि डिसेंबर २००५ च्या अहवालात अनेक तक्रारींत तथ्य असल्याचे सांगितले. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांसाठीचा पैसा रोखला. काही महिन्यांनी, राज्य सरकारने सुधारणा हाती घेतल्यावर, तो पुन्हा सुरू झाला. लक्षात घ्या, या लोकांनी दगड उचलला नव्हता. त्यांनी कागद जमवले, अर्ज लिहिला आणि तो योग्य दारावर नेऊन दिला.

पुढची गोष्ट तितकी सुखाची नाही. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहती या काळात उभ्या राहिल्या. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेल्या आणि २०१८ मध्ये समोर आलेल्या अभ्यासात अशा वसाहतींतील क्षयरोगाचा संबंध ऊन आणि वारा न येण्याशी जोडला गेला. रुळाच्या कडेची धोक्याची झोपडी गेली आणि पक्के घर मिळाले, हे चांगलेच झाले. पण त्या घरात ऊन येत नसेल, तर त्याची किंमत घरातली लहान मुले आणि म्हातारी माणसे चुकवतात.

कायदा काय देतो

१८९४ चा इंग्रजांच्या काळचा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला. योग्य भरपाई आणि पुनर्वसनाचा हक्क हे शब्द त्याच्या नावातच आहेत. मेट्रोच्या बांधकामासाठी १९७८ चा एक स्वतंत्र केंद्रीय कायदाही आहे आणि त्याखाली जमीन घेता येते. सुरुवातीला तो कायदा नव्या नियमांतून वगळलेला होता. २०१५ मध्ये केंद्राने आदेश काढून भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यालाही लागू केल्या. म्हणजे जमीन कोणत्याही कायद्याने घेतली, तरी मोबदला २०१३ च्या कायद्याच्या मापाने मिळायला हवा. सामाजिक परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी अशा पायऱ्या मात्र प्रत्येक वेळी असतीलच असे नाही. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची सोयही केली आहे. म्हणून नोटीस हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारावा : आमची जागा कोणत्या कायद्याने, कोणत्या कलमाखाली घेतली जात आहे?

या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असाव्यात. शहरात जमिनीचा आणि बांधकामाचा बाजारभाव ठरल्यावर त्यावर तेवढीच आणखी रक्कम, म्हणजे शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही. घर जात असेल, तर शहरात किमान ५० चौरस मीटर जोत्याचे बांधलेले घर देण्याची तरतूद आहे. शिवाय वर्षभर दरमहा ३ हजार रुपये निर्वाहासाठी, सामान हलवण्यासाठी ५० हजार, पुनर्वसन भत्ता म्हणून ५० हजार आणि कारागीर किंवा छोट्या दुकानदाराला किमान २५ हजार रुपये, असे आकडे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलेले आहेत. पुनर्वसनाच्या वसाहतीत काय काय असावे याची यादी तिसऱ्या अनुसूचीत आहे. पाणी, रस्ते, शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, प्रार्थनास्थळ यांबरोबर त्यात दफनभूमी आणि स्मशानभूमीचाही उल्लेख आहे.

'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त मालक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. संपादनापूर्वी तीन वर्षे किंवा अधिक काळ त्या जागेवर राहणारे, किंवा ज्यांचे पोट त्या जागेवर अवलंबून आहे असे भाडेकरू आणि कारागीरही त्यात येतात.

मग झोपडपट्टीतल्या माणसाला ५० मीटरचे घर का मिळत नाही? कारण त्याचे घर बहुधा भूसंपादनाच्या रस्त्याने घेतलेच जात नाही. जमीन सरकारी असते. तिथे झोपडपट्टी पुनर्वसनाचे किंवा प्रकल्पग्रस्तांचे धोरण लागू होते आणि घराचे माप त्या धोरणाप्रमाणे ठरते. तिसरा रस्ता महापालिकेचा. नगररचना कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे रोख पैशांऐवजी विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर, घेता येतो. तो घ्यायला हरकत नाही, पण तो कागद आहे. बाजारात तो कधी आणि कोणत्या भावाने विकला जाईल, ते बांधकामाच्या तेजी-मंदीवर असते. ज्याला दोन महिन्यांत दुसरे घर घ्यायचे आहे, त्याने हा विचार नीट करावा.

नाव कोणाचे आहे?

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. आमच्या ओळखीतल्या कित्येक घरांत भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर फाटते. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर वडिलांचे नाव, तेही हयात नाहीत. वारस नोंद केली नाही, कारण गरज पडली नाही. भूसंपादनाची नोटीस येते ती कागदावरच्या नावाला. मग धावाधाव सुरू होते आणि ज्याच्या हातात कागद तो भाऊ पुढे होतो. बहिणीला सांगितले जाते, "तू इथे फक्त सही कर." ती सही हक्कसोडपत्रावर असते.

हिशेब करून पाहा. एका गृहस्थाच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. त्यांच्या मालकीच्या जागेचा मोबदला ४० लाख रुपये मिळाला. कर्ज आणि इतर देणी नाहीत असे धरू. वारसाहक्काप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ लाख. उरलेले ३५ लाख मुलगे आणि मुलगी यांच्यात दोन-दोन-एक या प्रमाणात, म्हणजे प्रत्येक मुलाला १४ लाख आणि मुलीला ७ लाख. हे ७ लाख मुलीला भावाने मेहेरबानी म्हणून द्यायचे नाहीत. वडिलांचा इंतकाल झाला त्याच दिवशी ते तिचे झाले. सरकारी दप्तरात नोंद झाली नाही, एवढेच.

वाटणीवरून वाद झाला तर काय होते, तेही ऐका. जिल्हाधिकारी तो वाद प्राधिकरणाकडे पाठवू शकतात आणि रक्कम तिथे जमा राहते. घर पाडले जाते, पैसे मात्र अडकून राहतात. भावाबहिणींनी आधीच बसून हिस्से लिहून ठेवले, तर ही वेळ येत नाही.

पुनर्वसनाच्या लाभांसाठी कायद्याने कुटुंबाची व्याख्याही मोठी उदार केली आहे. विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने सोडलेली स्त्री यांना स्वतंत्र कुटुंब मानावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रत्येक सज्ञान व्यक्तीही, मुलगा असो की मुलगी, स्वतंत्र कुटुंब आहे. माहेरी परत आलेली बहीण भावाच्या घरातली 'पाहुणी' नाही, हे कायदा सांगतो. पण गणनेच्या दिवशी तिचे नाव लिहिले गेले नाही, तर कायद्याचा तिला उपयोग नाही. मिळणारे घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करता येते. झोपडपट्टी पुनर्वसनात तर दोघांची संयुक्त मालकी हा नियमच आहे. अर्जात बायकोचे नाव लिहिले आहे ना, हे प्रत्येक बाईने स्वतः वाचून पाहावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे.

शाळेचे काय?

शिक्षक म्हणून आम्हाला या विषयात सर्वांत जास्त बोचते ते हे. वस्ती हलते ती शाळेचे वर्ष पाहून हलत नाही. नोव्हेंबरात एखादा मुलगा वर्गात दिसेनासा होतो. दोन आठवड्यांनी त्याची अम्मी दाखला मागायला येते. नवीन ठिकाणी शाळा आहे का, असे विचारले तर म्हणते, "आहे, पण उर्दूची नाही." मग पाचवीपर्यंत उर्दूत शिकलेला मुलगा सहावीत दुसऱ्या माध्यमात जातो. गणितात हुशार असलेला मुलगा प्रश्नच न कळल्यामुळे मागे पडतो. मुलींच्या बाबतीत तर शाळा दूर गेली की घरातले म्हणतात, आता पुरे झाले. मेट्रोने शहरातले अंतर कमी केले आणि एका मुलीची शाळा तिच्यापासून दूर गेली, असे दोन्ही एकाच वेळी घडते.

यावर पालकांच्या हातात काही नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकांना दाखला ताबडतोब द्यावा लागतो. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. म्हणून घर बदलले तरी मुलाला एक दिवसही घरी बसवू नका. आणि वस्तीच्या सभेत "घर किती फुटांचे?" या प्रश्नाबरोबर "तिथे आमच्या मुलांच्या माध्यमाची शाळा आहे का, सातवीनंतर मुलींनी कुठे जायचे?" हेही विचारा. आमच्या अनुभवात हा प्रश्न सभेत बायकाच विचारतात. त्यांना मागच्या रांगेत बसवू नका.

नोटीस आली तर

घाबरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून सही करू नये. आधी पुढील गोष्टी कराव्यात.

गणनेच्या दिवशी घरी राहावे. घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचे, विधवा आणि घटस्फोटित स्त्रीचे नाव स्वतंत्र लिहायला सांगावे. भिंतीवर घातलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा आणि नोंदीची प्रत मागावी. घराला कुलूप असेल तर 'बंद घर' अशी नोंद होते. ती नंतर दुरुस्त करताना नाकी नऊ येतात.

कागदांची एकच फाइल करावी. भाडेपावत्या, वीजबिले, रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, घरपट्टी, दुकान असेल तर गुमास्ता परवाना, मृत्यूचे दाखले आणि वारस नोंदीचे कागद त्यात ठेवावेत. सगळ्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवाव्यात.

२०१३ च्या कायद्याखालील प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला ६० दिवस असतात. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुठेही नोंदले जात नाही.

मोबदला कमी वाटत असेल, तर रक्कम घेताना 'हरकत राखून घेत आहे' असे लेखी नोंदवावे. निमूटपणे घेतली, तर वाढीव रकमेचा अर्ज करण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर अर्जाची मुदत अवघी सहा आठवडे आहे.

कायद्याने संपूर्ण भरपाई दिल्याशिवाय जागेचा ताबा घेता येत नाही. भरपाईसाठी निवाड्यापासून तीन महिने आणि पुनर्वसनाच्या रोख लाभांसाठी सहा महिने अशी मुदत आहे. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

नवीन घर दाखवले की ते दिवसाच्या उजेडात, घरातल्या बाईमाणसांसह जाऊन पाहावे. ऊन येते का, पाणी किती वेळ येते, लिफ्टचा आणि देखभालीचा महिन्याचा खर्च किती, बस कुठून मिळते, दवाखाना आणि कब्रस्तान किती लांब आहे, हे विचारावे. झोपडीत नसलेला दरमहाचा देखभाल खर्च इमारतीत असतो. तो पेलवत नाही म्हणून घर भाड्याने देऊन परत झोपडीत गेलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

"जास्त फुटांचे घर मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. वकिलाची गरज पडली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणून घरातल्या बाईच्या नावाने अर्ज करता आला तर करावा.

शेवटी, संघटना करावी. एका गल्लीत तीन समित्या असतील, तर अधिकाऱ्याला त्यातली सर्वांत सोयीची निवडता येते. मागणी एक असावी आणि ती लेखी असावी. मेट्रोला कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव शोधून काढावे. मेट्रो-३ ला जपानच्या जायका संस्थेने कर्ज दिले आहे. विस्थापितांशी सल्लामसलत आणि पुनर्वसनाचा आराखडा तिच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आवश्यक आहे. कुर्ल्याच्या दुकानदारांनी वीस वर्षांपूर्वी याच प्रकारचा दरवाजा ठोठावला होता.

शहर वाढते तेव्हा कोणाची ना कोणाची जागा लागणारच. रस्ते, धरणे, दवाखाने, सगळे कोणाच्या तरी जमिनीवर उभे आहे. मेट्रो नको असे आम्ही म्हणत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण उद्या तिनेच कॉलेजला जातील. एवढेच म्हणणे आहे की, जागा देणाऱ्या कुटुंबाला आपल्या मोहल्ल्याच्या जवळ घर मिळावे, दुकानदाराला गिऱ्हाईक असलेल्या रस्त्यावर दुकान मिळावे आणि मिळेल ते घरातल्या सगळ्या हक्कदारांच्या नावावर यावे. पहिल्या दोन गोष्टी सरकारकडून मागून, भांडून घ्याव्या लागतील. तिसरी आपल्याच हातात आहे. त्यासाठी नोटिशीची वाट पाहण्याची गरज नाही. तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज आजही देता येतो. अर्ज लिहायला बसाल तेव्हा बहिणींना बोलवायला मात्र विसरू नका.